बंद करायचं बटण

नांदूरघाट
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय केशर,

"तू मागं ऱ्हा, मी फुडं जाऊन बघते," असं तू एकदा म्हणाली होतीस. पाचवीत होतो आपण. शाळेच्या वाटेवरच्या ओढ्याला पाणी आलं होतं. पलीकडे हजेरी सुरू झाली असणार म्हणून मी काठावर रडत उभी होते. तू परकर खोचलास, माझं दप्तर डोक्यावर घेतलंस आणि शिरलीस पाण्यात. मध्यावर जाऊन वळलीस आणि ओरडलीस, "ये गं, मांडीपातूरच हाय!" पस्तीस वर्षं झाली. आज दुकानात बसल्या बसल्या ते वाक्य आठवलं. का आठवलं ते जाऊ दे.

तुझा अंगद वस्तीवरच्या साखरपुड्याला आला होता, तेव्हा तुझ्या गाण्यांचं मेमरी कार्ड देऊन गेला. गाडीवरून उतरलासुद्धा नाही. "मावशी, आईला गाणी वाढवून दे. दोन वरीस तीच शंभर ऐकून मेंढरं बी कटाळलेत." मी म्हटलं, चहा तरी घे. "न्हाई, लांब जायचंय," म्हणाला आणि गेला. तुझ्यावर गेलाय, उभ्या उभ्या बोलतो.

मोठं कार्ड घालून भागलं असतं तर प्रश्न नव्हता. पण तुझा प्लेअर जुना. मीच दिलेला, दुकानात विकायचा राहिलेला शेवटचा. एक जीबीच्या वरचं कार्ड तो ओळखत नाही, नुसता निळा दिवा लुकलुकवत बसतो. आणि तसं गळ्यात अडकवायचं, बोटानं चाचपून चालवता येणारं यंत्र आता कुठं मिळत नाही.

म्हणून दुसरी युक्ती केली. गाणं भरताना त्याला एक नंबर द्यावा लागतो. नंबर मोठा, तर गाणं जागा जास्त खातं. उत्तरेश्वरदादा पुण्याला जाण्याआधी दुकान बघायचा तेव्हा सगळं एकशे अठ्ठावीसवर भरायचा. मी तुझी गाणी चौसष्टवर भरली. एकाच्या जागेत दोन बसली. शिवाय तुझ्या इअरफोनचं एकाच कानातलं बोंड चालू आहे, मग दोन कानांसाठी वेगवेगळा आवाज कशाला? दोन्हींचा एक केला. भजनांच्या आधीचं बुवांचं बोलणं कापलं. शंभराची दोनशे झाली. ऐकताना थोडा फरक वाटेल. टाळ-झांजेचा किणकिणाट जरा बोथट लागेल. कसं वाटतं ते कळव.

पाकीट कडा गावच्या भगवानरावांच्या किराणा दुकानाच्या पत्त्यावर टाकते आहे. अंगद सामान न्यायला येईल तेव्हा ते देतील. फोन नको म्हणतेस ते बरोबरच आहे. फोन त्याच्या खिशात, आणि आपण बोलायला लागलो की तुमचा मेंढरांचा सगळा तळ कान लावून ऐकणार. पत्र बरं. कार्डही त्यातून जातं-येतं.

दुकानात गर्दी आहे, म्हणून इथंच थांबते. दाजींना नमस्कार.

तुझी
मुक्ता


सीनाकाठ
३ डिसेंबर

मुक्ते,

रामराम. तुजं पाकीट भगवानरावांच्या गल्ल्याखाली आठ दिस पडून होतं. अंगद तेलमीठ आणाय गेलता, तवा घेऊन आला.

गाणी लावली आन मी चालता चालता एकटीच हसले. अंगदनं कडंनं वळून बगितलं, ही आई कावून हसायली म्हून. दोनशे! हे सपलं की फुडचं कोणतं येतंय ते मला ठाऊकच न्हाई. लई दिसानं असं झालं. नायतर ह्याच्यामागं ते, त्याच्यामागं ते, समदं पाठ.

तुला सांगते आमची चाल कशी आसती. मालक सगळ्यात फुडं. मंग तीनशे मेंढरं. कडंनं अंगद आन कुत्री. सगळ्यात मागं घोडी आन मी. मागं पडलेलं कोकरू उचलायचं, लंगडीला हाकायचं, हे माजं काम. माज्यात आन मालकात एक शेत आसतंय. हाक मारली तर पोचत न्हाई. म्हून हे गाणं.

आमी समदे बरे हावोत. मालक मला लई जपत्यात. रोज घटकाभर बसून बोलत्यात. तू माजी काळजी करू नको. तुजं बरं हाय बाई, खुर्चीवर बसायचं, चार माणसं यायची-जायची, दिस कवा मावळला ते कळत बी नसंल.

एक इचारायचं हाय. दुपारच्याला भाकर खायला बसले की मी गाणं बंद करते. चांगलं बटण दाबून धरते, गाणं थांबतंय. पर उठून परत लावावं तर चार्जिंग सपलेलं. बंद आसून कसं सपतंय? घोडीच्या पाठीवर सोलरची प्लेट हाय, त्यावर दुसऱ्या दिशी भरतंय. मंग निम्मा दिस मुका जातो. तुला काय कळतंय का बग.

औंदा आमी भीमेपातूर जाणार. चाल वाढली. आणखी बसत आसतील तर बसव, शंभर तरी. कार्ड संगं धाडलंय.

केशर


नांदूरघाट
९ डिसेंबर
(हे पत्र टाकलं नाही.)

केशर,

चार्जिंग का संपतं ते मला ठाऊक आहे. अंगदनं कार्ड दिलं त्याच दिवशी कळलं होतं.

तू बंद करताना वरचं गोल बटण दाबून धरतेस. ते बंद करायचं बटण नाही. ते आवाज भरून घ्यायचं आहे. दाबून धरलं की गाणं थांबतं आणि यंत्र भोवतालचं सगळं भरून घ्यायला लागतं, चार्जिंग संपेपर्यंत. बंद करायची कळ बाजूला असते, ती खाली सरकवायची. दोन वर्षांपूर्वी यंत्र देताना मी तुला ती दाखवली नाही. मला वाटलं, तुझं तुला सापडेल.

कार्ड उघडलं तर गाण्यांच्या खाली नुसत्या आकड्यांच्या साठ-सत्तर फायली. निम्म्याहून जास्त कार्ड त्यांनीच खाल्लेलं. पुसायच्या आधी एक लावून बघितली. आधी काही कळेना. कुणीतरी चावतंय, खूप जणी मिळून चावताहेत, मध्येच घंटा. मग तुझा श्वास. मग तू म्हणालीस, "आज पाच."

पुढं तू ते पाच मोजलेस. पाणी. कुत्रं. आवर. ऊठ. चल. सकाळपासून दाजी तुझ्याशी एवढेच शब्द बोलले होते, आणि तू ते चांदीला सांगत होतीस. चांदी म्हणजे ती लंगडी मेंढी, हे मला चौथ्या फायलीत कळलं. "काल सात होते गं चांदे, आज दोन कमी." आणि हसलीस. ते हसणं मी ओळखलं. ओढ्यातलंच.

मी त्या दिवशी फाईल पुसली नाही. दुसरी लावली. रोज दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून ऐकते. एकात तू पाण्यातून मेंढरं काढते आहेस. वीस-पंचवीस मिनिटं कुणी काही बोलत नाही, नुसतं पाणी, घंटा, तुझ्या पायांचा आवाज. शेवटी चांदी पाण्यात शिरेना तेव्हा तू तिला म्हणतेस, "तू मागं ऱ्हा, मी फुडं जाऊन बघते." मागच्या पत्रात ते वाक्य मला उगाच आठवलं नव्हतं.

आणि एकात तू म्हणतेस, "मुक्तीला लिवलंय समदं बरं हाय म्हून. तिला काय सांगायचं? तिला माणसांचा तोटा न्हाई."

केशर, काल माझ्या दुकानात दोन माणसं आली. एकाला आधारची झेरॉक्स हवी होती, एक पत्ता विचारत होता. दोघांशी मिळून मी अकरा शब्द बोलले. तुझ्यामुळे मोजायला लागले. 'गाणी भरून मिळतील' ही पाटी अजून आहे, पण सगळ्यांच्या फोनमध्ये सगळी गाणी आपोआप येतात. तुझ्याशिवाय माझ्याकडे गाणी भरायला कुणी येत नाही. सासरहून परत आले तेव्हा आई होती. दादाची मुलं दुकानात पाय आपटत नाचायची. आता पंख्याचा आवाज ऐकू येतो, तोही थंडीत बंद असतो.

म्हणून मी काय केलं ते ऐक. तुझ्या फायली माझ्या कॉम्प्युटरवर घेतल्या, कार्डावरून पुसल्या. सगळं कार्ड मोकळं झालं. त्यात चांगल्या नंबरावर अडीचशे गाणी बसली असती. मी दोनशे बसवली, बोथट करून, निम्म्याच जागेत. उरलेली जागा रिकामी ठेवली. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. तू पुन्हा ते बटण दाबशील आणि त्यात पुन्हा भरेल म्हणून.

आणि भरलं. काल आलेल्या कार्डात नऊ आहेत.

हे पत्र तुला मिळालं तर तू बटण नीट दाबशील. मग दुपारी मी काय ऐकू?


नांदूरघाट
१० डिसेंबर

प्रिय केशर,

पत्र वाचून बरं वाटलं. तुम्ही सगळे सुखात आहात, आणखी काय पाहिजे.

चार्जिंगचं म्हणशील तर आतला सेल जुना झाला असेल. तसलाच एक माझ्याकडे पडून होता, तो पाठवते आहे. मागचं झाकण नखानं उघडतं. अंगदला सांग बदलायला.

गाण्यांचा नंबर आणखी उतरवला, अठ्ठेचाळीसवर आणला. आता तीनशे आहेत. याच्या वर बसत नाहीत. मी खूप खटपट केली.

दाजी रोज बोलतात हे वाचून छान वाटलं.

तुझी
मुक्ता


श्रीगोंद्याच्या अलीकडं
१२ जानेवारी २०२५

मुक्ते,

तीनशे मिळाली. तुजं लई कवतिक केलं मी समद्यांपुढं.

पर माज्या कानाला काय तरी झालंय. गाणं हिरीच्या तळातनं आल्यावानी येतंय. बाई म्हणती का बुवा म्हणतो तेवडं कळतंय, पर शब्द न्हाई कळत. ढोलकी हाय पर तिची थाप न्हाई. आदी वाटलं थंडीनं दडे बसले. लसणाचं तेल कोमट करून रोज दुपारी कानात सोडते. उजवा कान आता दुकायलाय. माज्या आईला बी चाळिशीनंतर ऐकू कमी यायचं, तिचंच आलंय म्हणायचं. आता मागनं कुत्रं आलं, गाडी आली, तर मला कळायचं कसं? मागं चालणाऱ्याला कानच लागतेत. मी मालकाला काय सांगितलं न्हाई. तुलाच सांगायले.

सेल बदलला तरी चार्जिंग तसंच सपतंय.

अंगद म्हणतो, आई, टाकून दे ते डबडं, तुला माजा जुना फोन देतो, मी नवा घेतो. त्यात म्हणं गाणी भरावीच लागत न्हाईत. कार्ड धाडा, पाकीट धाडा, काय नको. मी म्हनलं बगू. तुला काय वाटतं?

कार्ड धाडलंय. ह्या बारीला जादा नको. हायेत तीच जरा मोठ्यानं येत्याल तर बग.

केशर


नांदूरघाट
२० जानेवारी

केशर,

आधी हे वाच: कानात काही घालू नकोस. तेलाचा एक थेंबही नाही. तुझे कान चांगले आहेत. दोष गाण्यांचा आहे. मी नंबर फार उतरवला, त्यानं तसं होतं. आता पुन्हा वर घेतला आहे, शंभरच गाणी ठेवली, पण स्वच्छ येतील. ऐकून बघ आणि लगेच कळव. उजवा कान दुखायचा थांबला नाही तर अंगदला घेऊन दवाखान्यात जा, लाजू नकोस.

फोनचं म्हणशील, तर घाई नको. फोन पदराखाली सांभाळायचा, काच फुटते, उन्हात दिसत नाही, माळावर रेंज नसते. हा प्लेअर साधा आहे, तुझ्या बोटांना सवय आहे. निदान आखाडापर्यंत तरी थांब. तुम्ही घरी परत आलात की मी स्वतः येऊन बघेन.

चांदीचा पाय कसा आहे? खूर कुजत असेल तर मोरचुदाच्या पाण्यात बुडवून काढ, आणि ओल्यात उभी करू नकोस.

पत्राची वाट बघते.

मुक्ता


भीमाकाठ
१६ फेब्रुवारी

मुक्ता,

गाणी झ्याक येत्यात. कान बरे हायेत.

चांदी तुला कुणी सांगितली?

तिचं नाव मी कुणाला सांगितलेलं न्हाई. मालकाला न्हाई, अंगदला न्हाई. लंगडीला नाव ठेवलं म्हून हसतील, म्हून मी तिला मनातच म्हणते, न्हाईतर कुणी जवळ नसलं तर. पत्रात कवा लिवलं का म्हून लई आठवलं. न्हाई लिवलं.

केशर


नांदूरघाट
२४ फेब्रुवारी

केशर,

सोबत एक जुनं पत्र आहे. डिसेंबरात लिहिलं होतं, टाकलं नाही. त्यात सगळं आहे. तेव्हाच टाकायला हवं होतं.

बंद करायची कळ उजव्या बाजूला आहे.

मुक्ता


परतीच्या वाटंवर, कड्याच्या अलीकडं
३० मार्च

मुक्ता,

तुजं पत्र दोन बारी वाचलं. मंग अंगदला इचारलं, हे बंद कसं करायचं रे? त्यानं बाजूची कळ सरकवली. म्हनलं, आन हे वरचं? "आगं आई, ते रेकॉर्डिंगचं हाय!" म्हनला आन हसाय लागला. मला लावून दावतो म्हनला. मी नको नको म्हणस्तोवर त्यानं कानातली वायर उपसून मोठ्यानं लावलं बी.

भाकरी खायला समदे बसलेलो. मालक बी होते. माजाच आवाज. "चांदे, आज चार. आज लई महाग झालेत तुजे धनी."

अंगद हसायचा थांबला. मला वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. मालकांनी अर्दी भाकर तशीच ठिवली, काठी घेतली, गेले मेंढरांकडं.

दुसऱ्या दिशी सकाळी निगताना त्यांनी अंगदला फुडं लावलं. आन आपुन मागं आले. माज्यासंगं घोडीच्या कडंनं चालले, दिसभर. बोलले न्हाईत. त्यांना येतच न्हाई बोलाय. पर चालले. दुपारच्याला चांदीला खांद्यावर घेतली आन म्हनले, "ही का तुजी चांदी." तवाधरनं मागंच चालत्यात.

आता तुजं.

तू ऐकलंस म्हून मला राग न्हाई आला. लाज वाटली, पर राग न्हाई. मला कुणी ऐकावं म्हून तर मी मेंढीसंगं बोलत होते. राग कशाचा आला सांगू? मी एवडं बोलले, तू समदं ऐकलंस, आन पत्रात काय लिवलंस तर सेल जुना झाला. दाजी बोलतात वाचून छान वाटलं, म्हून लिवलंस! तुला ठाऊक होतं ते खोटं हाय. मला वाटायचं तुला माणसांचा तोटा न्हाई, आन तू बी ते तसंच ऱ्हाऊ दिलंस. मी कानात तेल ओतत होते आन तू जागा राखत होतीस.

ह्या माणसानं एक बारी ऐकलं, आन फुडचं सोडून मागं आला. तू तीन महिने ऐकलंस.

अंगदनं फोन दिलाय. शिकले मी. कार्ड संगं धाडलंय, ही शेवटची बारी. त्यातलं समदं पूस. तुज्या कॉम्प्युटरमधलं बी पूस. एक बी ठिवू नको. माजं बोलणं कुणाच्या कपाटात ऱ्हायलेलं मला नको. मंग चांगल्या नंबरावर जेवडी बसतील तेवडी गाणी भर आन धाडून दे. ती मी आठवण म्हून ठिवीन.

केशर


नांदूरघाट
९ एप्रिल

प्रिय केशर,

कार्ड मिळालं. माझं पत्र तुला मिळाल्यानंतरचं त्यात काहीच नव्हतं. तू कळ नीट सरकवायला शिकलीस.

तुझ्या पत्रात तू जे लिहिलंस ते खरं आहे. तीन महिने तू बोललीस आणि मी तुझ्याकडून सोबत घेत राहिले. तुला द्यायची राहूनच गेली. माझ्याजवळ द्यायला काय आहे, असं वाटायचं. एक कळ दाखवायची होती, तेवढं पुरलं असतं. नाहीतर 'मलाही इथं करमत नाही' एवढे चार शब्द. ते आत्ता लिहिते. मला इथं करमत नाही, केशर. दुकानात गर्दी कधीच नव्हती. नोव्हेंबरच्या पत्रात मी गर्दी आहे म्हणून थांबले, आणि पाकीट चिकटवून झाल्यावर संध्याकाळपर्यंत रस्त्याकडं बघत बसले.

दाजी मागं चालतात हे वाचून मी खरंच रडले. आनंदानं म्हणवत नाही, अर्धं तसं, अर्धं वेगळं.

तू सांगितलंस तसं केलं. सगळ्या फायली एकदम पुसता येतात, एकच बटण लागतं. मी तसं केलं नाही. एकेक लावली, शेवटपर्यंत ऐकली, मग पुसली. बारा दुपारी लागतील असं वाटलं होतं, आठ लागल्या, कारण मधली एक-दोन गिऱ्हाइकं सोडली तर कुणी आलंच नाही. पाच शब्दांची गेली. सात शब्दांची गेली. एका काठीवाल्यानं तुला वाट विचारली ती गेली. तू चांदीच्या खुरातला काटा काढताना तिला शिव्या घातल्यास ती पुसताना हात थांबला होता, पण पुसली.

कार्डात आता दोनशे चव्वेचाळीस गाणी आहेत. सगळी एकशे अठ्ठावीसवर. कोपऱ्यातली जागासुद्धा सोडली नाही. टाळ टाळासारखा वाजेल, ढोलकीची थाप कळेल. बुवांचं बोलणंही परत घातलं, ऐकून बघ, ते वाईट बोलत नाहीत. एकेक बोंड दोघांनी कानात घातलं तर दाजींनाही ऐकता येईल, म्हणून दोन्ही कान चालणारी नवी वायर सोबत ठेवली आहे.

आता तुझी ती दुसरी गोष्ट. एकही ठेवू नकोस म्हणालीस. एक राहिली आहे. तीच पाण्यातली. सव्वीस मिनिटांची. तिच्यात तुझं घरचं काही नाही, मोजलेले शब्द नाहीत, दाजी नाहीत. पाणी आहे, घंटा आहेत, तुझे पाय आहेत आणि शेवटी एक वाक्य आहे. ते तू मेंढीला म्हणाली आहेस हे मला समजतं. पण ते वाक्य पहिल्यांदा तू मला म्हणाली होतीस, आणि तेव्हा मी तुझ्यामागून पाण्यात आले होते. त्यानंतर तुझं लग्न झालं, तू पुढं गेलीस, आणि "ये गं" अशी हाक यायची मी वाट बघत राहिले. मीच यायला हवं होतं हे आता कळतंय. आखाडात येईन. फोनवर कळवणार नाही, येऊनच उभी राहीन.

ती फाईल पुसायला चार वेळा बसले. तू म्हणशील तेव्हा पुसेन, त्यात लबाडी करणार नाही. तू नाहीच म्हणणार, हेही मला ठाऊक आहे. तुझ्या जागी मीही तेच म्हटलं असतं. फक्त ते 'नाही' फोनवर सांगू नकोस. दोन ओळींचं का होईना, पत्र टाक.

तेवढी एक ठेवू का?

तुझी
मुक्ता